तिसऱ्या वळणावर थांबणारी जीप

जीप तिसऱ्या वळणावर आली आणि पुन्हा खोकली. एकदा, दोनदा, मग सगळं अंग हलवून गप्प झाली. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, पण चढ असा की ब्रेकवर भरवसा ठेवून निवांत बसायची सोय नव्हती. मागच्या बाकांवर आठ माणसं होती. पहिल्यांदा जीप थांबली तेव्हा याच माणसांनी थट्टा केली होती, की जीपचे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्यांदा कुरकुर केली. आज तिसरी खेप होती आणि आज कोणी काहीच बोललं नाही.

"उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

सगळी उतरली. शिलाईवाली बाई कापडाचं गाठोडं पोटाशी धरून दरीच्या कडेकडे बघत राहिली.

"इथंच ना रे?" ती म्हणाली.

"काय इथंच?"

"काही नाही. तू कर तुझं काम."

काय ते ड्रायव्हरला कळलं होतं. चार महिन्यांपूर्वी ऐन पावसात, याच वळणावर, याच जीपमध्ये त्याचा बाप गेला होता. दवाखान्यात न्यायला निघाले होते. जीप इथं थांबली ती थांबली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून नळ्या सोडत, आवळत बसला आणि मागं आईच्या मांडीवर म्हाताऱ्याचा श्वास संपला. आई दोनदा म्हणाली होती, "अरे, इकडे ये." हा दोनदा म्हणाला होता, "एक मिनिट." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता राहू दे." तेव्हा पाऊस त्याच्या पाठीवरून पँटमध्ये उतरत होता, हातात तेरा नंबरचा पाना होता, आणि हातातला पाना कुठं ठेवावा हेच त्याला बराच वेळ सुचलं नव्हतं.

आता त्यानं बॉनेट उघडलं. मागं चाकाखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बघायची गरज नव्हती. वळणाची भिंत पावसात ढासळली होती, तिचं काम चालू होतं, आणि गाड्या अडवायला तिथं लाल-हिरवे झेंडे घेऊन एक माणूस उभा असायचा. त्यानंच दगड लावला होता. न सांगता लावला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

या माणसाला अख्खा रस्ता 'शून्यबघा' म्हणायचा. घाट चढून वर गेलं की फाटा लागतो, फाट्यावरच्या पंपावर हा बावीस वर्षं डिझेल भरत होता. नळी टाकीत घालण्याआधी प्रत्येकाला म्हणायचा, "शून्य बघा." मोटरसायकलवाल्याला म्हणायचा, ट्रकवाल्याला म्हणायचा, रोजच्या दूधवाल्यालाही म्हणायचा. दूधवाला म्हणे, "अरे, बघितलं काल." तर हा म्हणे, "कालचं काल. आज बघा." समोरचा मीटरकडे बघेपर्यंत हा नळी दाबायचा नाही.

त्याच्या हातात आता झेंडे होते, ते ड्रायव्हरमुळे होते. आणि ड्रायव्हरला दिवसातून दोनदा त्याच्यापुढून जावं लागत होतं.

बाप गेल्यावर पाचव्या दिवशी फिटरनं जीपच्या फिल्टरची वाटी सोडली होती. त्यात डिझेलपेक्षा पाणी जास्त निघालं. ड्रायव्हरनं ते बाटलीत भरून घेतलं आणि गावातली चार माणसं जीपमध्ये घालून पंपावर गेला. बाप जायच्या दोन दिवस आधी डिझेल तिथंच भरलं होतं. रांगेत ट्रॅक्टर होते, दुधाची गाडी होती, लग्नाला निघालेली एक बस होती. सगळ्यांसमोर त्यानं शून्यबघाची कॉलर धरली.

"पाणी विकतोस? माझा बाप मारलास तू."

"दादा, तुमच्यानंतर मळणीवाल्याचा ट्रॅक्टर भरला मी. त्याच टाकीतून. तो चालतोय, विचारा त्याला."

कोण विचारतंय? ड्रायव्हरनं बाटली त्याच्या डोक्यावर उपडी केली. डिझेल केसांतून चष्म्यावर आलं, चष्म्यावरून ओठांवर. शून्यबघानं चष्मा काढून बोटांनी पुसला. बोटंही डिझेलचीच, तो आणखीच माखला. बसमधल्या बायका खिडकीतून बघत होत्या. मालक केबिनमधून बाहेर आला, गर्दी बघितली, आणि नसती भानगड गळ्यात नको म्हणून शून्यबघाला तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं.

तेव्हा ड्रायव्हरला बरं वाटलं होतं. अंगातली आग जरा निवल्यासारखी झाली होती. खोटं कशाला सांगा.

डिझेलचा हातपंप मारून, नळीतली हवा काढून, अर्ध्या तासानं जीप चालू झाली. माणसं चढली. शिलाईवाली मात्र चढली नाही. "मी जाते चालत," म्हणाली, "वर फाट्यापर्यंतच तर जायचंय." तिचं गाठोडं चांगलं डोक्याएवढं होतं आणि फाटा तीन किलोमीटर होता. ड्रायव्हरनं आग्रह केला नाही.

तो घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. आई दारातच होती.

"थांबली का आज?"

"थांबली."

"तिथंच?"

"तिथंच."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि तिनं ते पदरानं पुसल्यासारखं केलं. "मग? काही वाटलं तुला? काही ऐकू आलं?"

"आई, इंजिनात कचरा येतोय. फिटरला दाखवतो."

"दाखव. फिटरला काय कळायचंय. त्यांना काहीतरी सांगायचं राहिलंय म्हणून ते अडवतात. तू खाली मान घालून नळ्या चाचपत बसतोस. तेव्हाही तेच केलंस. दोन शब्द बोलत जा त्यांच्याशी."

हे ती रागानं म्हणत नव्हती. तेच त्याला जास्त लागायचं. आत त्याची बायको पीठ मळत होती, तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

म्हाताऱ्याची खाट होती तशीच होती. उशीचा भाग उंच, पायाचा भाग खाली. दम लागतो म्हणून डॉक्टरनं डोक्याकडची बाजू उंच करायला सांगितली होती, म्हणून उशाकडच्या दोन पायांखाली दोन विटा दिल्या होत्या. खाटेवर आता कोणी झोपत नव्हतं. आई खाली चटई टाकायची आणि एक हात वर खाटेवर ठेवून पडायची. विटा काढू द्यायची नाही. एकदा सुनेनं झाडताना खाट सरकवली, तर म्हातारी दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

म्हाताऱ्याचा जीव त्या विटांवर होता खरा. शेवटच्या दहा दिवसांत बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, एका दमात दोन शब्द कसेबसे यायचे. आणि ते दोन शब्द नेहमी तेच असायचे, "वीट काढ." ड्रायव्हर म्हणायचा, "बाबा, डॉक्टरनं सांगितलंय, उंच राहू दे." म्हातारा मान हलवायचा. भिंतीपलीकडे बोट करायचा, ते बोटही थरथरायचं. "वीट काढ." आई म्हणायची, "गप्प पडा हो. त्रास होतोय ते कळतंय आम्हाला." मग तो डोळे मिटायचा. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरायचं.

पुढच्या आठवड्यात जीप आणखी एकदा थांबली. तिसऱ्या वळणावरच. आता गावात बोभाटा झाला. वस्तीवरून वर जायला दुसरी गाडी नव्हती, तरी माणसं पायवाटेनं जायला लागली. मास्तरीणबाई शिकलेली, तीसुद्धा म्हणाली, "माझा विश्वास नाही हो अशा गोष्टींवर, पण मी जाते बापडी चालत. तेवढाच व्यायाम." ज्यांना चालवत नव्हतं ते जीपमध्ये बसायचे आणि दुसरं वळण गेलं की बोलणं थांबवायचे. ड्रायव्हर स्वतःही तिथं आला की स्टिअरिंग घट्ट धरायचा. आरशात मागचा बाक दिसायचा. त्यावर कधी गवताचा भारा असे, कधी कोणाची पिशवी, पण पहिल्या नजरेला त्याला तिथं घोंगडीत गुंडाळलेलं कोणीतरी दिसायचंच. मग इंजिन खोकायचं आणि त्याची नजर पुन्हा आरशाकडे जायची. त्यानं एकदा खरोखरच, कोणी ऐकत नाही असं बघून, बॉनेटच्या आड विचारलं होतं, "बाबा, काय पाहिजे?" वारा होता. बाकी काही नाही.

फिटर फाट्यावर असायचा. त्याला लोक 'कानसेन' म्हणायचे, कारण तो गाडी उघडायच्या आधी डोळे मिटून ऐकायचा. त्यानं ऐकलं, मग खाली सरकून फिल्टरची काचेची वाटी सोडली आणि उन्हात धरली. वर पिवळं डिझेल, खाली स्वच्छ पाणी, मधे सरळ रेघ.

"भूत सापडलं तुझं," तो म्हणाला. "चार बोटं उंच आहे."

ड्रायव्हर हसला नाही.

"मग तिथंच का थांबते?"

"अरे, सगळ्यात खडा चढ तिथं. चढाला टाकीतलं पाणी मागं सरकतं आणि तुझ्या टाकीची नळी मागंच आहे. सपाटीला इंजिन वरवरचं डिझेल पितं, चढाला तळाचं पाणी ओढतं. यात तुझ्या बापाचं काही नाही. कुठं भरलंस?"

"इथं नाही भरत मी. तुला माहीतच आहे."

"मग?"

"नदीपलीकडच्या पंपावर भरत होतो. तीन आठवडे झाले, पुलाचं काम निघालंय. तेव्हापासून घरचंच घालतोय. ड्रममधलं."

कानसेननं वाटीतलं पाणी मातीत ओतलं. बराच वेळ तो फडक्यानं हात पुसत राहिला, हात पुसून झाल्यावरही.

"त्या दिवशी काय होतं टाकीत?"

"पंपाचं."

"सगळं पंपाचं?"

"सगळं," ड्रायव्हर म्हणाला. "दोन दिवस आधी भरलं होतं."

"मग ठीक आहे," कानसेन म्हणाला आणि पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या खिशातच होता.

घाट उतरताना ड्रायव्हरनं रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. शून्यबघानं हिरवा झेंडा दाखवला. तो रोज दाखवायचा तसाच, हात सरळ, नजर गाडीच्या चाकांकडे.

ड्रम घराच्या मागच्या पडवीत होता. दोनशे लिटरचा, निळा रंग उडून गेलेला. म्हाताऱ्यानं तो तीस वर्षांपूर्वी आणला होता. एवढा घाट चढून रोज कोण डिझेलला जाणार, म्हणून एकदम भरून आणायचं आणि नळीनं काढत राहायचं. ड्रमला हात लावायची परवानगी म्हाताऱ्याशिवाय कोणाला नसे. त्याचे ड्रमचे नियम होते, आणि ड्रायव्हर त्या नियमांना हसत मोठा झाला होता.

बायको मागोमाग आली. तो ड्रमवर वाकून बघत होता. वरचा पत्रा एका जागी गळका होता. ड्रमच्या झाकणावर कडेपर्यंत गंजाचं एक वर्तुळ होतं, पाणी साचून आटून उमटतं तसं, आणि बूच बरोबर त्या वर्तुळाच्या आत होतं. तो गुडघ्यांवर बसला. ड्रमच्या बुडाशी, जमिनीवर, एक चौकोनी जागा होती. आजूबाजूची जमीन तेलकट काळी, तेवढा चौकोन मातीच्या मूळ रंगाचा.

विटेएवढा.

त्याला सगळं एकदम आठवलं. म्हातारा ड्रम कधी सरळ ठेवायचा नाही. बुचाच्या बाजूला खाली वीट, म्हणजे ड्रम कललेला. वरून गळलेलं पाणी खालच्या अंगाला साचायचं, बुचापर्यंत पोहोचायचंच नाही. चुकून आत गेलंच तर तळाशी पलीकडच्या कोपऱ्यात बसायचं, आणि नळी अलीकडे उंच बाजूला असायची. "ड्रमला झोपेत कुशीवर ठेवावं," असं म्हणायचा.

"ती वीट," तो म्हणाला.

"खाटेखाली आहे," बायको म्हणाली. तिला आधीच कळलं होतं की आत्ता कळलं, ते तिच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं.

"पण त्या दिवशी मी पंपाचं—"

"त्या दिवशी निघताना ड्रममधला एक कॅन घातला तुम्ही. वाटेत कमी पडायला नको म्हणालात. कॅन मी धरला होता."

तो जमिनीवरच बसला. कॅन त्याला आठवत नव्हता. पंप आठवत होता, मीटरवरचं शून्य आठवत होतं, शून्यबघाचा आवाज आठवत होता. घरचं डिझेल हिशेबात धरायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरच्या वस्तूवर कोण संशय घेतं?

"तू बोलली का नाहीस?"

"पंपावर जाऊन आलात तेव्हा बोलणार होते. तुम्ही जेवलात त्या दिवशी. पाच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलात. मग राहून गेलं. आणि खात्री कुठं होती मला? मला काय ड्रममधलं कळतं?"

पलीकडच्या खोलीत म्हातारी खाकरली. भिंत एवढी पातळ की आतलं खाकरणं पडवीत शेजारी बसल्यासारखं ऐकू येई. म्हाताऱ्याला इथला ड्रमचा आवाज तसाच ऐकू येत असणार. खाटेवर पडल्यापडल्या त्यानं पत्र्यावरचा पाऊस ऐकला असणार, ठिबक थेट झाकणावर पडतेय हे ऐकलं असणार. दहा दिवस तो सांगत होता आणि दहा दिवस हे त्याला गप्प पडायला सांगत होते.

"वीट कोणी काढली होती?" त्यानं विचारलं, जरी त्याला ठाऊक होतं.

"काढली तुम्ही." बायकोनं आवाज अगदी खाली आणला. "सांगितली आईंनी. बाकीच्या विटा फुटक्या आहेत, ड्रमाखालची आण, ती सपाट आहे, म्हणाल्या. अहो, त्यांना यातलं काही कळू देऊ नका. त्या जगायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं जीपची टाकी उतरवली, धुतली, उन्हात वाळवली. ड्रम रिकामा केला. तळातून बादलीभर पाणी निघालं. त्यातलं थोडं, वरच्या डिझेलसकट, त्यानं एका बाटलीत भरून सीटखाली ठेवलं. कशासाठी ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

जीप आता सुतासारखी सरळ चढायला लागली. तिसरं वळण आलं कधी, गेलं कधी कळेना. माणसं हळूहळू परत आली. शिलाईवाली म्हणाली, "सुटला बिचारा." आई मात्र दारात उभी राहून विचारायची, "थांबली का?" आणि तो पहिल्या दिवशी "नाही" म्हणाला तेव्हा तिचा चेहरा असा पडला, की दुसऱ्या दिवशी तो सरळ खोटं बोलला. "थांबली. थोडी."

"बोललास?"

"बोललो."

"काय म्हणालास?"

तो हात धुवायला मागं गेला.

असे आठ दिवस गेले. शून्यबघा झेंडा दाखवायचा आणि सीटखालची बाटली वळणावर घरंगळून खट्कन लोखंडावर आपटायची. रोज त्याच जागी. नवव्या दिवशी जीप रिकामी होती. शून्यबघानं हिरवा झेंडा वर केला आणि ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन चाकाखाली स्वतःच दगड लावला.

"बंद पडली?" शून्यबघानं विचारलं. चार महिन्यांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

"नाही." ड्रायव्हरनं बाटली पुढं केली. "हे माझ्या घरचं आहे. ड्रममधलं. त्या दिवशीही हेच होतं. तुमचं नव्हतं."

त्यानं 'तुम्ही' म्हटलेलं शून्यबघाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्यानं झेंडे काखेत मारले, बाटली घेतली, उन्हात धरून रेघ बघितली. बूच काढून वास घेतला, पुन्हा लावलं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"तीन वड्या साबण संपवला मी," तो म्हणाला. "तरी बायको म्हणायची, उशीला वास येतोय. महिनाभर. मग मीच बाहेर झोपायला लागलो."

"माझं चुकलं. ओता माझ्या डोक्यावर."

"त्यानं काय होणार? मला इथं उभं राहून वास घ्यावा लागेल." त्यानं बाटली परत दिली. "मला कशाला सांगता? मी पाणी घातलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

वरून ट्रक येत होता. शून्यबघानं लाल झेंडा काढला आणि ड्रायव्हरकडे पाठ करून उभा राहिला.

ड्रायव्हर दोन दिवस आजाऱ्यासारखा वागला. जेवण जाईना. पंपावर बोललेलं तासाभरात वस्तीवर येणार, वस्तीवरून दारात, आणि दारात आई बसलेली. एका बाजूला तो दोऱ्यानं बांधलेला चष्मा, दुसऱ्या बाजूला ही. बायको म्हणाली, "त्याला दुसरं काम बघून द्या गुपचूप." गुपचूप. तिचा सल्ला शहाणपणाचा होता, आणि ड्रायव्हरनं तो जवळजवळ मानला होता. पण डिझेल त्यानं गुपचूप ओतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दुधाची गाडी पंपावर येते त्याच वेळी, तो तिथं जाऊन उभा राहिला. रांगेत दहाएक माणसं होती. जीपमध्ये वस्तीवरची सहा, त्यात शिलाईवाली आणि मास्तरीणबाई. त्यानं बाटली मीटरच्या डोक्यावर ठेवली. मग सगळ्यांकडे तोंड करून तो बोलायला लागला.

"बाप गेला तेव्हा मी इथल्या माणसाच्या डोक्यावर डिझेल ओतलं. पाणी त्याचं नव्हतं. पाणी माझ्या ड्रममधलं होतं. ड्रमाखालची वीट मी काढली होती. मीच. म्हणून पाणी शिरलं."

नळीतून डिझेल जात होतं त्याचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे बापाला तूच—" एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

मालक केबिनच्या दारात उभा होता. त्यानं कान खाजवला. "बरं. ऐकलं. पण आता दुसरा माणूस ठेवलाय ना मी." दूधवाला गाडीवरून उतरला होता, तो म्हणाला, "हा दुसरा माणूस मीटर दाखवतच नाही." दोघंतिघं हसले, दुसरा माणूस खाली बघायला लागला. मालक म्हणाला, "बघू." एवढंच झालं. ड्रायव्हरला वाटलं होतं की बोलून झाल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही; त्यानं बाटली उचलली आणि जीपकडे गेला.

बातमी त्याच्या आधी घरी पोहोचली. शिलाईवालीनं पायवाटेनं वस्ती गाठल्यागाठल्या काम चोख केलं होतं. तो आला तेव्हा दारात कोणी नव्हतं. बायको चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. आतल्या खोलीत खाट सरळ झाली होती, चारही पाय जमिनीवर. आई खाली बसली होती आणि मांडीवर वीट होती. खाट तिनं एकटीनं कशी उचलली कोण जाणे, अंगठ्याच्या नखातून रक्त आलं होतं.

"तू खोटं बोललास," ती म्हणाली. "तिथं एवढ्या लोकांत."

"काय खोटं?"

"वीट मी मागितली."

"काढली मीच ना."

"मी मागितली." ती वीट हातानं चाचपत होती, तिच्यावरची काळी तेलकट बाजू अंगठ्यानं घासत होती. "दिवसातून दहादा म्हणत होते. वीट काढ, वीट काढ. मी म्हटलं, गप्प पडा. चाळीस वर्षांत कधी गप्प पडा म्हटलं नव्हतं मी त्यांना."

तो तिच्याशेजारी बसला. तिचा हात धरायचा होता, पण हातात वीट होती. म्हणून त्यानं विटेवरच हात ठेवला. म्हातारी रडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मग ती म्हणाली, "गाडी आता थांबत नाही ना? इतके दिवस खोटं सांगतोस."

"नाही थांबत."

"म्हणजे ते नव्हतेच तिथं."

"पाणी होतं, आई."

तिनं मान हलवली. "मला वाटायचं, आहेत. घरी नाहीत, पण तेवढ्या वळणावर आहेत." नाक पदरानं पुसून ती उठायला लागली, गुडघ्यावर हात टेकून. "चल. ही जागेवर ठेवू."

पडवीत त्यानं रिकामा ड्रम कलता केला आणि तिनं खाली वाकून वीट त्या चौकोनात सरकवली. बरोबर बसली.

चार दिवसांनी ती न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून जीपच्या पुढच्या सीटवर येऊन बसली. कुठं जायचं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. मागं मास्तरीणबाई आणि तीन-चार माणसं होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. भिंत आता कमरेएवढी उभी राहिली होती. झेंडे दुसऱ्याच कोणाच्या हातात होते, आणि तो ते उलटसुलट दाखवत होता.

जीप न खोकता चढत होती. तिसऱ्या वळणाच्या मध्यावर ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागं कोणीतरी श्वास आत घेतला.

"बंद पडली?" आईनं विचारलं.

"मी केली."

ती काही वेळ दरीकडे बघत बसली. वारा नव्हता. मग मागं वळून मधल्या मोकळ्या बाकाकडे बघत, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "वीट काढली हो."

मास्तरीणबाईनं पाय जरा आवरून घेतले. ड्रायव्हर आरशात बघत नव्हता, समोर रस्त्याकडे बघत होता. आईनं पदर नीट केला आणि त्याच्या हातावर हलकेच चापट मारली, तेव्हा त्यानं किल्ली फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात चालू झाली.